थॉमस फ्लायर : एका मोटारीचा जीर्णोद्धार

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दफ्तरांतील कागद ही आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. या मालिकेत मोटारगाडीला बसविण्याची कल्पना सहसा कोणाला सुचत नाही. मोटार ही वापरण्याची वस्तू. ती जुनी झाली की विकावी, आणि विकत घेणारा मिळेनासा झाला की मोडीत घालावी, हाच जगाचा व्यवहार आहे. तथापि अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात, रेनो शहरीच्या राष्ट्रीय मोटार-संग्रहालयात, अशी एक मोटार जतन करून ठेवलेली आहे की, जिला इतिहासाचे अस्सल साधन म्हणावयास कोणाचीही हरकत नसावी. धनिकांच्या लखलखीत गाड्यांच्या शेजारी ती काहीशी ओबडधोबडच दिसते. परंतु एखादा ताम्रपट जसा जाणत्याकडून वाचून घ्यावा लागतो, तशी ही मोटारही एकदा वाचून घ्यावी लागली. आणि ज्याने ती वाचली, त्याने वयाची नव्वदी ओलांडली होती. त्या मोटारीची आणि त्या माणसाची ही हकीकत आहे.

मोटारीचे नाव थॉमस फ्लायर. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरी एडविन रॉस थॉमस यांचा मोटारींचा कारखाना होता. तेथे १९०७ साली ती तयार झाली. त्या काळी अमेरिकेत ‘टूरिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोटारींचा मोठा प्रसार होता. टूरिंग मोटार म्हणजे चार-पाच माणसे ऐसपैस बसतील अशी, बाजूंनी उघडी, आणि ऊन-पावसापुरता घडीचा कापडी टप असलेली गाडी. चहूबाजूंनी बंद असलेल्या मोटारी पुढे पुष्कळ वर्षांनी रूढ झाल्या. थॉमसच्या या गाडीला चार सिलिंडरांचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन होते. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत नेण्यासाठी दोन्ही अंगांना सायकलीच्या साखळीसारख्या, परंतु तिच्याहून कितीतरी दणकट अशा साखळ्या होत्या. चाकांचे आरे लाकडी होते. इंजिन चालू करावयाचे, तर गाडीपुढे उभे राहून हँडल फिरवावे लागे, आणि ते फिरविणाऱ्याच्या मनगटात जोर असावा लागे. अशा गाडीतून शहराच्या बऱ्या रस्त्यांवर हिंडणे हीदेखील त्या काळी एक प्रकारची मर्दुमकीच समजली जात असे.

या मोटारीला इतिहासात स्थान मिळाले ते एका विलक्षण शर्यतीमुळे. १९०७ साली पॅरिसच्या ‘ल मातँ’ या वर्तमानपत्राने पेकिंग ते पॅरिस अशी मोटारींची शर्यत योजिली होती, आणि इटलीचे प्रिन्स शिपिओने बोर्गेझे यांनी आपल्या इटाला मोटारीतून ती जिंकली होती. त्या यशाने हुरूप येऊन ‘ल मातँ’ने पुढच्याच वर्षी, अमेरिकेच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या पत्राच्या सहकार्याने, त्याहून मोठा घाट घातला. न्यूयॉर्कहून निघावे, अमेरिका खंड पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडावे, अलास्कात शिरावे, तेथून गोठलेल्या बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून सैबेरियात उतरावे, आणि रशिया व जर्मनी या मार्गाने पॅरिस गाठावे, असा तो बेत होता. बर्फावरून गाड्या जावयाच्या म्हणूनच हिवाळ्यात निघण्याचे ठरले. भर हिवाळ्यात अमेरिका खंड तोपर्यंत कोणीही मोटारीने ओलांडले नव्हते. नकाशावर रेघ ओढणे सोपे असते. त्या रेघेवर रस्ता आहे की नाही याची चौकशी पुरती कोणी केलेली नव्हती.

१२ फेब्रुवारी १९०८ रोजी सकाळी न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकातून सहा मोटारी निघाल्या. त्यांपैकी तीन फ्रान्सच्या होत्या : द दिऑँ, मोतो-ब्लॉक आणि सिझेर-नोदँ. जर्मनीची प्रोटोस, इटलीची झ्यूस्ट आणि अमेरिकेची थॉमस फ्लायर अशा उरलेल्या तीन. युरोपातील राष्ट्रांनी या शर्यतीची तयारी मोठ्या काळजीने केली होती. प्रोटोस तर या शर्यतीसाठीच मुद्दाम बांधण्यात आली होती. अमेरिकेची गाडी मात्र अगदी आयत्या वेळी शर्यतीत उतरली. कारखान्यातील नेहमीच्या बनावटीपैकीच ती एक होती. तिच्यात पेट्रोलच्या जादा टाक्या बसविल्या, फावडी, दोर, फळ्या इत्यादी सामान बांधले, आणि तिला इतरांच्या रांगेत उभी केली.

सुकाणू-चक्रावर माँटेग्यू रॉबर्ट्‌स हे त्या वेळचे नावाजलेले शर्यतपटू बसले होते. वर्तमानपत्रांतून छायाचित्रे यावयाची ती त्यांचीच. त्यांच्या शेजारी यंत्र सांभाळण्यासाठी कारखान्याने आपला एक कारागीर दिला होता. त्याचे नाव जॉर्ज शुस्टर. तो ३५ वर्षांचा होता. मोटारी जुळविणे, त्या चालवून त्यांची पारख करणे आणि बिघडल्या की दुरुस्त करणे, हा त्याचा रोजचा व्यवसाय. शर्यतीच्या प्रारंभी त्याच्याकडे कोणाचे विशेष लक्ष नव्हते. परंतु न्यूयॉर्कपासून पॅरिसपर्यंत या गाडीची साथ न सोडणारा तोच एकटा ठरावयाचा होता.

पहिल्याच दिवशी सिझेर-नोदँ ही फ्रेंच गाडी मोडून पडली. पुढे आयोवा राज्यात मोतो-ब्लॉकनेही शर्यत सोडली. उरलेल्या गाड्या बर्फाच्या राशींतून वाट काढीत होत्या. कोठे फावड्याने बर्फ उपसावे, कोठे चाकांखाली फळ्या घालाव्यात, कोठे शेतकऱ्यांचे घोडे जुंपून गाडी ओढून काढावी, असा तो प्रवास होता. पश्चिमेकडे गेल्यावर रस्ता म्हणण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा थॉमस फ्लायर काही मजल आगगाडीच्या मार्गावरून, रुळांखालच्या लाकडांवर आदळत, पुढे नेण्यात आली. वायोमिंगमधील शायेन येथे रॉबर्ट्‌स दुसऱ्या एका शर्यतीसाठी परत गेले, आणि गाडी हाकणारी माणसे बदलली. शुस्टर मात्र आपल्या जागी राहिला.

नेव्हाडाच्या ओसाड मुलखात टोनोपा गावाच्या अलीकडे गाडीच्या गिअरचे दात तुटले. तेथे ना कारखाना, ना दुकान. शुस्टर घोड्यावर बसून मदतीच्या शोधात निघाला. टोनोपातील एका डॉक्टरांपाशी थॉमस कारखान्याचीच मोटार होती; तिच्यातील भाग काढून आणून त्याने आपली गाडी पुन्हा चालती केली. कारखान्यातून बाहेर पडली त्या वेळची ही गाडी आणि टोनोपाहून निघाली ती गाडी, या दोहोंत असा फरक पडला होता. पुढील मजलींत तो वाढतच गेला.

२४ मार्च रोजी, म्हणजे ४१ दिवसांनी, थॉमस फ्लायर सॅनफ्रान्सिस्कोस पोहोचली. हिवाळ्यात अमेरिका खंड ओलांडणारी ही पहिली मोटार. इतर गाड्या तेव्हा पुष्कळ मागे होत्या. ठरल्याप्रमाणे तिला आगबोटीने अलास्कातील व्हाल्डेझ बंदरी नेण्यात आले. तेथे उतरून शुस्टरने पुढची वाट पाहिली. ती वाट कुत्र्यांच्या आणि घोड्यांच्या घसरगाड्यांपुरती होती; मोटारीचे ओझे त्या बर्फाला पेलण्यासारखे नव्हते. बेरिंगची सामुद्रधुनी तर दूरच राहिली. अखेरीस शर्यतीच्या चालकांनी मार्ग बदलला : आता गाड्यांनी जपानमार्गे व्लादिवोस्तोक गाठावे आणि तेथून पुढे निघावे. थॉमस फ्लायर अलास्काहून परत फिरली, तोवर मागून आलेले प्रतिस्पर्धी जपानच्या वाटेला लागले होते. जी गाडी सर्वांच्या पुढे होती, ती आज्ञापालन केल्यामुळे मागे पडली. या अन्यायाच्या भरपाईसाठी तिला १५ दिवसांची सवलत देण्यात आली. उलटपक्षी, प्रोटोसने अमेरिकेतील काही मजल आगगाडीवर चढून काटली होती, म्हणून तिच्या खात्यावर १५ दिवसांचा दंड मांडण्यात आला.

सॅनफ्रान्सिस्कोपासून पुढे गाडीची सर्व जबाबदारी शुस्टरकडे आली. व्लादिवोस्तोक येथे द दिऑँ गाडीच्या मालकांनी आपली गाडी शर्यतीतून काढून घेतली, आणि प्रत्यक्षात तीनच मोटारी शिल्लक राहिल्या. २२ मे रोजी सैबेरियाचा प्रवास सुरू झाला. बर्फ वितळून गेले होते, पण त्याची जागा चिखलाने घेतली होती. एके ठिकाणी प्रोटोस चिखलात रुतून बसलेली थॉमसच्या मंडळींना दिसली. जर्मन सैन्यातील लेफ्टनंट हान्स कोपेन तिचे नायक होते. अमेरिकन मंडळींना वळसा घालून सरळ पुढे जाता आले असते. तसे न करता त्यांनी दोर लावून प्रतिस्पर्ध्याची गाडी बाहेर ओढून काढली. कोपेन यांनी शँपेनची बाटली उघडून त्यांचे आभार मानले. त्यानंतर दोन्ही गाड्या पुन्हा एकमेकींच्या पाठीस लागल्या.

सैबेरियात आणि मांचुरियात थॉमस फ्लायर पुनःपुन्हा बिघडली, आणि पुनःपुन्हा उभी राहिली. कधी गिअर, कधी कमानी, कधी टायर, असे तिचे एक ना एक अंग दुखावलेलेच असे. लोहाराच्या भट्टीवर, रेल्वेच्या कामशाळेत, नाहीतर उघड्या माळावर हाती येईल त्या साधनाने शुस्टर ते दुरुस्त करी. अशा दुरुस्तीत सौंदर्याला वाव नसतो. ती पुढच्या मुक्कामापर्यंत टिकली म्हणजे झाले.

२६ जुलै रोजी प्रोटोस पॅरिसमध्ये शिरली. थॉमस फ्लायर ३० जुलैला संध्याकाळी पोहोचली. शहरात शिरताच एका पोलीस शिपायाने तिला अडविले, कारण रात्री दिवा लावल्याखेरीज गाडी चालवू नये असा नियम होता आणि हिचा दिवा फुटलेला होता. अर्धे जग पालथे घालून आलेली गाडी दिव्यावाचून खोळंबली. तेव्हा जवळच्या एका सायकलस्वाराने आपली दिवा असलेली सायकल देऊ केली. ती सायकल तशीच गाडीत चढविण्यात आली, आणि कायद्याचे समाधान झाले. गाडी चार दिवस उशिरा आली होती. परंतु प्रोटोसचा १५ दिवसांचा दंड आणि फ्लायरची १५ दिवसांची सवलत जमेस धरता विजय अमेरिकेच्या पदरी २६ दिवसांनी पडला. इटलीची झ्यूस्ट सप्टेंबरात आली. निघाल्यापासून फ्लायरला १६९ दिवस लागले होते, आणि जमिनीवरून तिने १३,००० मैलांहून अधिक मजल मारली होती.

विजयी मंडळी ऑगस्टमध्ये मायदेशी परतली. न्यूयॉर्कमध्ये त्यांचे जंगी स्वागत झाले, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांची भेट घेतली. परंतु ज्या वर्षी थॉमसच्या गाडीने जगात नाव मिळविले, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात हेन्री फोर्ड यांनी आपली ‘मॉडेल टी’ बाजारात आणली. तिची टूरिंग जातीची गाडी ८५० डॉलरांस मिळू लागली, आणि पुढे ती उत्तरोत्तर स्वस्तच होत गेली. थॉमसचा कारखाना मोठ्या, दणकट आणि महाग गाड्यांचा. शर्यतीतल्या कीर्तीने त्याची भरभराट फार काळ टिकली नाही. १९१२ साली कारखाना अवसायकाच्या हाती गेला, आणि पुढच्या वर्षी तेथील मालमत्तेचा लिलाव झाला. त्या लिलावात यंत्रे, हत्यारे, सुटे भाग यांच्याबरोबर न्यूयॉर्क-पॅरिस शर्यतीची ती मोटारही विकली गेली.

यानंतरची अनेक वर्षे ही गाडी विस्मृतीत गेली. पुढे लाँग आयलंड येथे जुन्या मोटारींचे संग्रहालय चालविणारे हेन्री ऑस्टिन क्लार्क यांच्याकडे ती आली. जुन्या मोटारी जपून ठेवण्याचा छंद अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास चांगलाच मूळ धरू लागला होता, आणि क्लार्क हे त्या छंदाच्या अध्वर्यूंपैकी एक. त्यांच्याकडून १९६०–७० या दशकाच्या पूर्वार्धात ती बिल हॅरा यांनी घेतली. हॅरा हे नेव्हाडातील जुगारगृहांचे धनाढ्य मालक. परंतु त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग जुन्या मोटारींत गुंतला होता. त्यांच्या संग्रहात पुढे सुमारे १,४०० गाड्या जमल्या. या संग्रहाचा विशेष संख्येपेक्षा पद्धतीत होता. त्यांच्या पदरी सुतार, लोहार, ओतारी, रंगारी आणि यंत्रकारागीर होतेच. त्याशिवाय जुनी माहितीपत्रके, कारखान्यांच्या पुस्तिका आणि छायाचित्रे यांचे एक मोठे ग्रंथालय होते. एखाद्या गाडीला हात लावण्यापूर्वी ती मुळात कशी होती याचा कागदोपत्री शोध घ्यावयाचा, असा त्यांचा दंडक होता.

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार म्हणजे काय, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. गाडी प्रथम संपूर्ण उकलली जाते. प्रत्येक भागाची नोंद होते, छायाचित्र घेतले जाते, खिळ्यापासून स्क्रूपर्यंत सर्व काही क्रमाने मांडून ठेवले जाते. रंगाचे थर एकेक करून तपासले, म्हणजे मूळचा रंग कोणता होता ते उमगते. साट्याचे लाकूड किडले असेल, तर त्याच जातीचे लाकूड आणून त्याच मापाने तासावे लागते. इंजिनाचे घासून गेलेले बेअरिंग मृदू मिश्रधातू ओतून नव्याने भरावे लागतात. जो भाग बाजारात मिळत नाही, त्याचा लाकडी साचा करून तो ओतवून घ्यावा लागतो. चामड्याची गादी, पितळेचा दिवा, लाकडी आरे यांचे जुने कसब जाणणारे हात शोधून काढावे लागतात. या कामाला महिनोगणती आणि प्रसंगी वर्षे लागतात.

परंतु कसबापेक्षाही अवघड असा एक प्रश्न या कामात पहिल्या पायरीलाच उभा राहतो. गाडी पूर्ववत करावयाची म्हणजे कोणत्या दिवसासारखी करावयाची? देवळाच्या जीर्णोद्धारात हाच पेच पडतो. मूळचा गाभारा एका शतकातला, सभामंडप दुसऱ्या शतकातला, आणि शिखर त्याहूनही नंतरचे. यांपैकी खरे कोणते म्हणावे? उत्साहाच्या भरात सगळे खरवडून नवेकोरे केले, तर देऊळ उभे राहते, पण त्याचा इतिहास हरवतो. मोटारींच्या बाबतीत हा मोह फार प्रबळ असतो. कारखान्यातूनही कधी निघाली नसेल इतकी गुळगुळीत व झगझगीत गाडी करून ठेवण्यात कित्येक धनिकांना धन्यता वाटते.

थॉमस फ्लायरच्या बाबतीत या प्रश्नाच्याही आधी दुसरा प्रश्न होता. ही गाडी खरोखर तीच आहे काय? थॉमस कारखान्याने त्या बनावटीच्या इतरही गाड्या केल्या होत्या. अर्ध्या शतकात गाडी अनेकांच्या हातून गेली होती. शर्यतीची म्हणून दुसरीच एखादी गाडी खपविली गेली नसेल, असे केवळ विश्वासावर कसे म्हणावे? कारखाना बंद पडून पन्नास वर्षे झाली होती. तथापि जॉर्ज शुस्टर हयात होते. हॅरा यांनी त्यांना नेव्हाडात बोलावून घेतले.

नव्वदी ओलांडलेले ते वृद्ध गृहस्थ त्या गाडीपुढे उभे राहिले, तेव्हा केवळ बाह्य रूपावरून निर्वाळा देण्यास ते तयार नव्हते. आणि यातच त्यांचा जन्माचा व्यवसाय दिसून येतो. एका बनावटीच्या गाड्या बाहेरून सारख्याच दिसतात, हे कारागिराइतके कोणाला ठाऊक असणार? गाडी उकलली जाऊ लागली, तेव्हा मात्र आतून त्यांच्या ओळखीच्या खुणा बाहेर येऊ लागल्या. प्रवासात आपण स्वतः केलेल्या दुरुस्त्या त्यांना त्या लोखंडावर सापडल्या. मग त्यांची खात्री पटली, आणि ही तीच गाडी असल्याचा त्यांनी निर्वाळा दिला.

या प्रसंगाचा अर्थ नीट लक्षात घेण्याजोगा आहे. कारखान्याने केलेले जे काम निर्दोष होते, त्यावरून गाडी ओळखता आली नाही. कारण तसेच काम त्याच बनावटीच्या प्रत्येक गाडीवर झालेले होते. गाडी ओळखली गेली ती तिच्या जखमांवरून आणि त्या जखमांवर घातलेल्या टाक्यांवरून. प्राचीन ग्रीक लोकांनी एका नौकेची कथा सांगितली आहे. तिची एकेक फळी बदलत गेली, आणि सगळ्या फळ्या नव्या झाल्यावर ती नौका तीच म्हणावी की दुसरी, असा त्यांच्या तत्त्ववेत्त्यांत वाद पडला. थॉमस फ्लायरने त्या वादाला आपल्यापुरते उत्तर दिले. तिच्या बाबतीत जे मूळचे नव्हते, जे वाटेत तुटले आणि वाटेतच जोडले गेले, तेच तिच्या अस्सलपणाचे प्रमाण ठरले. दस्तऐवजावर लेखकाचे हस्ताक्षर असावे आणि ते ओळखण्यास खुद्द लेखकच साक्षीला यावा, असे भाग्य इतिहाससंशोधकाच्या वाट्याला क्वचितच येते.

यातूनच पुढच्या प्रश्नाचेही उत्तर निघाले. हॅरा यांनी ही गाडी १९०७ साली कारखान्यातून निघाली तशी करावयाची नाही, तर ३० जुलै १९०८ रोजी पॅरिसमध्ये शिरली त्या वेळच्या स्थितीत आणावयाची, असे ठरविले. शर्यतीची पुष्कळ छायाचित्रे उपलब्ध होती, त्यांचा आधार मिळाला. ज्याने ती गाडी पॅरिसला आणली त्याच्या स्मरणाचाही आधार होता. सैबेरियाने तिला जे रूप दिले, तेच तिचे खरे रूप मानले गेले. ज्या संग्राहकापाशी वाटेल तितका रंग आणि वाटेल तितके पितळ चकचकीत करण्याचे साधन होते, त्याने आपला हात आवरता घेतला. जीर्णोद्धाराच्या कलेत असा संयम सर्वांत दुर्मिळ असतो.

शुस्टर यांचे पुढील आयुष्यही या हकीकतीशी निगडित आहे. शर्यतीनंतर त्यांचे नाव हळूहळू मागे पडले होते. १९६६ साली त्यांनी दुसऱ्या एका लेखकाच्या साहाय्याने आपल्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. १९६८ साली, शर्यतीला ६० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांना १,००० डॉलरांचे पारितोषिक दिले. त्या वेळी त्यांचे वय ९५ वर्षांचे होते. १९७२ साली, वयाच्या १०० व्या वर्षात, ते मरण पावले. शर्यतीच्या दिवशी ज्यांची छायाचित्रे निघाली, त्यांची नावे जाणकारांपुरती उरली आहेत. शेजारी बसलेल्या कारागिराचे नाव मात्र त्या गाडीबरोबर कायमचे जोडले गेले. २०१० साली अमेरिकेतील मोटार-इतिहासाच्या मानकऱ्यांच्या सन्मानमालिकेत त्यांचा समावेश करण्यात आला.

गाडीवरचे संकट मात्र अद्यापि टळले नव्हते. १९७८ साली बिल हॅरा वारले, आणि १९८० साली त्यांचा व्यवसाय एका मोठ्या हॉटेल कंपनीने विकत घेतला. त्याबरोबर मोटारींचा संग्रहही त्या कंपनीकडे गेला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने १,४०० जुन्या मोटारी म्हणजे अडकून पडलेला पैसा. कंपनीने संग्रहाचा लिलाव करण्याचे ठरविले, आणि वर्षानुवर्षे जमविलेल्या गाड्या एकामागून एक नव्या मालकांच्या घरी जाऊ लागल्या. नेव्हाडातील नागरिकांनी याविरुद्ध आवाज उठविला. अखेरीस १७५ गाड्या आणि संशोधनाचे ग्रंथालय एका सार्वजनिक संस्थेला देण्यात आले, व त्यांच्यासाठी रेनो येथे बांधलेले संग्रहालय १९८९ साली उघडले. थॉमस फ्लायर त्या गाड्यांत होती. एका लिलावात विकली गेलेली ही गाडी दुसऱ्या लिलावातून अशी थोडक्यात बचावली. २०१६ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदपटात तिची नोंद झाली.

जुन्या वस्तूंवर प्रेम करणारी माणसे सर्वत्र असतात. परंतु वस्तू जपणे आणि तिची हकीकत जपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घरातला जुना पितळी दिवा घासूनपुसून लख्ख करता येतो. तो कोणी आणला, त्याची कडी कधी तुटली आणि ती कोणी जोडली, हे सांगणारे माणूस हयात असताना विचारून ठेवले नाही, तर तो केवळ एक चांगला दिवा उरतो. थॉमस फ्लायरच्या बाबतीत विचारण्यास पुष्कळ उशीर झाला होता, तरी तो फार उशीर ठरला नाही. सांगणारा नव्वदीत होता आणि त्याची स्मृती शाबूत होती. आणखी थोडी वर्षे गेली असती, तर तीच गाडी, तेच लोखंड आणि तीच डागडुजी डोळ्यांपुढे असूनही तिचा अर्थ कोणाला लागला नसता. आणि एखाद्या निष्णात कारागिराने त्या खुणा दोष समजून मोठ्या सफाईने पुसून टाकल्या असत्या.